बाटली नको, गळा आण

१४ मे २००८. आज दवाखान्याचं काचेचं कपाट रिकामं केलं. नीलाक्का जाऊन महिना झाला. त्यांच्या पुतण्यानं गडहिंग्लजहून फोनवर सांगितलं होतं, "काय ठेवायचं, काय भंगारात घालायचं, तुम्हीच ठरवा." म्हणून खालचं मेडिकल नवऱ्यावर सोपवून मी सकाळपासून वर होते. चिमटे-कात्र्या एका बाजूला, तारीख उलटलेली औषधं पोत्यात, रक्तदाबाचं जुनं यंत्र दाराशी. खालच्या फळीवर, जिथं दुसऱ्या डॉक्टरांच्या कपाटात भेट मिळालेली पुस्तकं आणि बक्षिसं असतात, तिथं तांब्या होता. तांब्याचाच तांब्या, एका बाजूला पोचा आलेला. तो मी भंगारातही टाकला नाही आणि ठेवायच्या ढिगातही नाही. खिडकीत ठेवला आणि झाडू हातात घेतला.

मी सहजासहजी कुणाला मानणारी बाई नाही. औषधाच्या दुकानात बसून डॉक्टरांचा मोठेपणा फार जवळून दिसतो, आणि जवळून तो बराच लहान होतो. नीलाक्कांचा झाला नाही.

डॉक्टर नीलांबिका हे पाटीवरचं नाव. शाहूपुरीत त्यांना सगळे नीलाक्का म्हणायचे. सीमेकडच्या भुसार व्यापाऱ्यांच्या घरातल्या, घरची भाषा कानडी. गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी, पायात पुरुषी चपला. लग्न केलं नव्हतं. का, हे विचारायची हिंमत गल्लीत एकीनंच केली होती आणि तिला उत्तर मिळालं होतं, "वेळ न्हाय मिळाला. तुझ्याकडं हाय का जास्तीचा?" निळ्या स्कूटरवरून त्या इतक्या जोरात जात की बाजारातले टांगेवाले आधीच घोडं कडेला घेत. दुपारी चार वाजता कागदाच्या पुडीतलं भडंग खायचं, त्यात कांदा जास्त. खाताना कुणी आत आलं तर पुडी पुढं करायची आणि त्याचा गळा बघायचा.

हो, गळाच. नीलाक्का बायकांच्या डॉक्टर होत्या, पण कुठल्याही बाईकडं बघताना त्यांची नजर आधी हनुवटीच्या खाली जायची. नव्या बाईला त्या तपासणीच्या टेबलावर झोपवायच्या आधी खिडकीसमोर, उजेडात उभी करत. तांब्या हातात देत. म्हणत, "वरनं पी." खेड्यातली बाई तोंड न लावता, मान मागं टाकून गटागटा पाणी पिते. तसा गळा ताणला की घोट उतरताना थायरॉईडची ग्रंथी वर सरकते आणि खाली येते. सुजली असेल तर तिथंच दिसते. शहरातल्या बायकांना वरून पिता यायचं नाही, ठसका लागायचा, ब्लाउज भिजायचा. नीलाक्का शांतपणे पंचा पुढं करून म्हणायच्या, "परत."

ज्यांचं पोट दोन-तीन वेळा पडलेलं, त्या बायका गळा दाखवायला आलेल्या नसायच्या. त्या पोट घेऊन आलेल्या असायच्या. पुढचे प्रश्नही त्यांना विचित्रच वाटायचे. केस गळत्यात? पंख्याखाली थंडी वाजती? पोट साफ होतंय? सकाळी तोंड सुजल्यागत दिसतंय? पाळीत अंगावर जास्त जातं? गळा साधा दिसला तरी या उत्तरांवरून त्या रक्त काढायला पाठवायच्या. "सगळ्यांचा फुगून सांगत न्हाय, काहींचा मुकाट्यानं संप करतो," असं म्हणायच्या. मला एकदा भडंग खाता खाता त्यांनी समजावून सांगितलं होतं, ते माझ्या धंद्याच्या भाषेत. "बाळाचं दुकान पहिले तीन महिने उघडलेलंच नसतंय. तवर सगळा माल आईच्या दुकानातनं जातो. आणि आईचंच शटर अर्धं खाली असलं तर?"

पाणी देताना त्या एक शब्द पुटपुटायच्या. "कुडि." गर्दी असली की घाईनं दोनदा, "कुडि, कुडि." खाली माझ्या दुकानात औषधं घ्यायला आलेल्या बायका मला विचारायच्या, "अक्का तांब्यावर काय म्हणत्यात वो?" कागलकडच्या बायकांना कानडी समजायचं, त्या हसून निघून जायच्या. बाकीच्यांनी आपापलं ठरवलं. अक्कांच्या गळ्यात लिंग, हातात तांब्या, तोंडात न समजणारा शब्द. म्हणजे शंकराचा मंत्र. कुडी म्हणजे देह, तेव्हा देहात जीव राहू दे असं काहीतरी असणार, असा अर्थही एकीनं काढला. पाणी प्यायलेल्या काही बायकांची पोरं टिकली होती, मग काय लागतं? अंगारा-धुपाऱ्याच्या जोडीला शाहूपुरीतला तांब्या जाऊन बसला.

मी हे वर जाऊन सांगितलं. "अक्का, तुमचा मंत्र गाजतोय."

"कसला मंत्र?"

"कुडि."

त्या इतक्या हसल्या की भडंग सांडलं. "अगं, कुडि म्हणजे पी! घाईत तोंडात आईची भाषा येती." मग हसणं एकदम थांबलं. "म्हणजे ह्या गोळ्या घेत न्हाईत का काय? पाण्यावरच भागवत्यात?"

त्या दिवसापासून त्या जिन्यातून मला हाक मारायला लागल्या. "ए मेडिकल! ती निळ्या पातळाची आली का गोळ्या न्यायला?" अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं. माझं नाव त्यांना चांगलं माहीत होतं, पण शेवटपर्यंत मी मेडिकलच राहिले.

या तांब्याच्या कीर्तीपायी हौसाबाई आल्या. सत्त्याण्णव सालचा उन्हाळा असावा. गडमुडशिंगीच्या, अंगावर नऊवारी, आवाज वरच्या मजल्यावरून बसस्टँडला पोचेल असा. मी विजेच्या बिलाचे पैसे द्यायला वर गेले होते, म्हणून सगळं समोर घडलं. हौसाबाईंनी पिशवीतून सरबताची रिकामी, घासूनपुसून लख्ख केलेली बाटली काढली आणि टेबलावर ठेवली.

"ह्यात तेवढं तांब्यातलं पाणी द्या. सुनेसाठनं पायजे."

"सून कुठाय?"

"घरात."

"मग बाटली नको, गळा आण."

हौसाबाईंना कळेना. "गळा घरात भाकऱ्या थापतोय की! तिला आणून काय करू? तिची तीन गेली. आता मन्तर मारलेलं पाणी पाजून बघतो, न्हायतर माझ्या भावाची पोरगी हाय आजऱ्याला. दिवाळी झाली की हिला गगनबावड्याला म्हायेरी सोडतो आन् तिला आणतो. माझा एकुलता हाय वो."

सगळं त्यांनी बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. बाकावरच्या बायका खाली बघायला लागल्या. नीलाक्का चिडतील असं मला वाटलं. त्यांच्या दवाखान्यात कुणी सुनेला वांझ म्हटलं किंवा पांढऱ्या पायाची म्हटलं तर त्या बाईला बाकावरून उठवून जिना दाखवत. त्या दिवशी त्या चिडल्या नाहीत. बाटली उचलून हौसाबाईंच्या पिशवीत परत ठेवली.

"सून आण. तिच्यासंगं तुझा एकुलताबी आण. मग बघू पाण्याचं."

दोन दिवसांनी तिघं आली. सुनेचं नाव सुनंदा. तिशीच्या आतली, पण चालणं दमल्यासारखं, चेहरा फिकट, केस विरळ. उन्हाळ्यातही पदर अंगाभोवती घट्ट. तिनं खिडकीसमोर उभं राहून वरून पाणी प्यायलं. गळ्याच्या खालच्या बाजूला काहीतरी वर चढलं आणि उतरलं. इतकी वर्षं बघून मलाही दिसायला लागलं होतं. नीलाक्कांनी तिच्या मागं उभं राहून दोन्ही हातांनी गळा चाचपला. मग प्रश्न विचारले. शेवटी आवाज खाली आणून विचारलं, "कितव्या महिन्यात गेली?" सुनंदा नवऱ्याकडं बघायला लागली. नवरा जमिनीकडं. उत्तर हौसाबाईंनीच दिलं.

तेव्हा या तपासणीचं रक्त मुंबईला जायचं. रिपोर्ट आला तो माझ्याच पत्त्यावर, कारण दवाखान्याची टपाल पेटी गंजली होती. शटर अर्ध्याहून जास्त खाली होतं.

आता नीलाक्का मोठं काहीतरी बोलतील, अशी तिघांची तयारी होती. त्या म्हणाल्या, "तीन गेली ती ह्याच्यापायीच गेली, असं मी सांगणार न्हाय. पोट पडायला दुसरीबी कारणं असत्यात, ती पण तपासायची. पण हे समोर दिसतंय, आणि हे दुरुस्त होतंय. जे होतंय ते आधी करायचं." रोज सकाळी उपाशीपोटी गोळी. चहाच्या आधी. रक्तवाढीची गोळी वेगळी, रात्री, दोघींची गाठ पडू द्यायची नाही. रक्तात सुधारणा दिसेपर्यंत मुलाचा विचार नको. "याला वेळ लागतो. मला वर्ष पायजे."

"वरीस?" हौसाबाई उठल्याच. "दिवाळीनंतर..."

नीलाक्कांनी तांब्या टेबलाच्या मधोमध ठेवला.

"ठेव हात ह्याच्यावर."

मंत्र नाही, पाणी साधं नळाचं आहे, हे दिवसातून दहादा ओरडून सांगणारी ही बाई. हौसाबाईंनी आधी हात पदराला पुसला, मग तांब्यावर टेकवला.

"म्हण. वरीसभर सुनेला म्हायेरी धाडणार न्हाय. दुसरी आणायचं नाव काढणार न्हाय."

हौसाबाईंनी शब्दन् शब्द म्हटला. नीलाक्कांनी शेवटी गंभीरपणे जोडलं, "कुडि." हौसाबाईंनी डोळे मिटून हात जोडले.

ती माणसं गेल्यावर मी नुसती बघत राहिले. अक्का म्हणाल्या, "काय बघतीस? तिचा इस्वास तिच्याच कामाला लावला. औषध जसं मिळतंय तसं द्यावं लागतंय." आणि पुडी माझ्यापुढं केली.

सगळं त्यांच्या मनासारखं व्हायचं असं नाही. एका ओळखीच्या लग्नात वरमाला घालताना नवरीनं मान वर केली, तर नीलाक्कांनी मला कोपरखळी मारली. "बघितलंस?" मी शालू बघत होते. त्या सरळ स्टेजवर गेल्या, फोटोसाठी नवरीच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि तिच्या कानात काहीतरी बोलल्या. नवरी रडायला लागली. आत्यानं अपशकुन म्हणून कांगावा केला, आम्हाला पंगतीला न बसता यावं लागलं. महिन्यानं तीच मुलगी आपणहून आली. तपासलं, सगळं नीट निघालं. नीलाक्का तिला म्हणाल्या, "चुकलो. लई बरं झालं चुकलो." आणि मला जिन्यातून ओरडून, "ए मेडिकल, त्या आत्याच्या घरी जाऊन सांग, म्हातारी चुकली म्हणून!" मी गेले नाही. त्या स्वतः स्कूटर काढून गेल्या आणि तिथंच जेवून आल्या.

सुनंदा दर महिन्याला गोळ्या न्यायला यायची. हळूहळू अंगावरचा पदर सैल झाला. एकदा तर मला म्हणाली, "वैनी, आज मी ठेसनापास्नं चालत आले." वर्ष उलटलं. हौसाबाईंनी शब्द पाळला. पुढच्या पावसाळ्यात सुनंदा वर गेली आणि खाली आली तेव्हा तोंड झाकून हसत होती. दिवस गेले होते.

पुढच्या महिन्यात ती गोळ्यांना आली नाही.

मी आठवडाभर वाट बघितली. मग भर दुपारी वर जाऊन सांगितलं. नीलाक्कांनी पुढची पुडी तशीच टेबलावर टाकली, बाकावरच्या बायकांना "बसा, आलोच" म्हणाल्या आणि मला, "गोळ्या घे. बस मागं." भर पावसात, निळ्या स्कूटरवर, दोन पोक्त बायका. उजळाईवाडीपाशी मी डोळे मिटले ते मुडशिंगीतच उघडले.

हौसाबाईंना आनंद झाला. "अगं बया, अक्का घरला आल्या!" घोंगडं टाकलं, पाण्याचा तांब्या-भांडं पुढं आणलं. नीलाक्का बसल्या नाहीत, पाण्याला हात लावला नाही.

"गोळ्या कुणी बंद केल्या?"

"आता कशाला गोळ्या?" हौसाबाई मनापासून म्हणाल्या. "दिवस ऱ्हावं म्हणून व्हत्या न्हवं? ऱ्हायलं की. आता गरम पडतील पोटाला. तुमच्या तांब्याचं पुण्य हाय, बास झालं."

सुनंदा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिचा चेहरा पुन्हा तसाच सुजलेला. शेजारच्या दोन बायका वळचणीला येऊन थांबल्या होत्या.

"हौसे," नीलाक्का म्हणाल्या, आवाज न चढवता, "मी आल्यापास्नं तहानली हाय. पण तुझ्या घरातलं पाणी मी पिणार न्हाय. हिनं गोळी घेतली की मग मी पाणी पिईन. न्हायतर अशीच परत जातो, आणि तुझ्या दारातनं नीलाक्का उपाशी-तहानलेली गेली हे गाव बघंल."

हौसाबाईंच्या दारातून कुणी पाणी न पिता गेलं नसावं. त्या काळ्याठिक्कर पडल्या. मग स्वतःच माझ्या हातातली बाटली ओढून घेतली, झाकण दातानं उघडलं, गोळी सुनेच्या तळहातावर ठेवली. सुनंदानं मान मागं टाकली आणि वरून पाणी प्यायलं. त्यानंतर नीलाक्का प्यायल्या, वरूनच, सगळा तांब्या. पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "आता दोन जिवांचा माल हाय. गोळी कमी न्हाय, वाढती. उद्या रक्त द्यायला ये. बाळंत होईस्तवर एक दिवस चुकवायचा न्हाय, आणि नंतरबी मी सांगितल्याबिगर बंद करायची न्हाय."

ताण सुटल्यावर हौसाबाईंनीही तांब्या पुन्हा भरला आणि मान मागं टाकून प्यायल्या. नीलाक्कांची नजर कुठं गेली ते मला कळलं, कारण माझीही तिथंच गेली होती.

"हौसे, तुझाबी गळा दाखव जरा."

हौसाबाईंनी पदर मानेभोवती गुंडाळून घेतला. "माझं काय बघतीस आता? माझी किती गेली ठावं हाय का तुला? हा एक ऱ्हायला. तवा कुणी बघिटला व्हता गळा?"

सुनंदा सासूकडं बघत होती, पहिल्यांदाच बघावं तशी.

"न्हाय बघितला," नीलाक्का म्हणाल्या. "म्हणून तर म्हणतीय."

हौसाबाईंनी पदर सोडला नाही.

त्या खेपेला सगळे महिने भरले. मधे एकदा रक्त गेलं, पंधरा दिवस सुनंदा उशाशी गोळ्यांची बाटली घेऊन पडून राहिली, आणि हौसाबाई तिला उठू देत नव्हत्या. मुलगी झाली. हौसाबाई साखर घेऊन दवाखान्यात आल्या, नातीला काय नाव ठेवू म्हणून विचारायला. नीलाक्का म्हणाल्या, "नाव कायबी ठेव. आधी तिची टाच आण." बाळाच्या टाचेतून रक्त काढून तिचं शटरही तपासून झालं, ते नीट निघालं, तेव्हा कुठं त्यांनी साखर तोंडात टाकली.

हौसाबाई त्यानंतर वर्षानुवर्षं येत राहिल्या, दुसऱ्यांच्या सुना घेऊन. गल्लीतल्या, पाहुण्यातल्या, आजऱ्याच्या त्या भाचीलाही. बाटली घेऊन पुन्हा आल्या नाहीत. स्वतःचा गळा मात्र कधी दाखवला नाही. नीलाक्का दरवेळी तांब्या पुढं करायच्या आणि हौसाबाई दरवेळी म्हणायच्या, "आज उपास हाय." पाण्याचाही उपास असा कुठला, हे कुणी विचारलं नाही.

दवाखाना बंद झाल्यावरही नीलाक्का मागच्याच खोलीत राहिल्या. हृदय थकलं होतं. मी रोज संध्याकाळी गोळ्या घेऊन वर जायचे. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी त्यांनी पेला बाजूला सारला आणि तांब्या मागितला. हात कापत होता, तरी त्यांनी मान मागं टाकली आणि वरूनच प्यायल्या. अर्धं पाणी गळ्यावरून ओघळलं. चांदीची डबी भिजली. माझी नजर सवयीनं जिथं जायची तिथं गेली.

"काय बघतीस, मेडिकल? माझा नीट हाय."

मी पंचा पुढं केला. त्यांनी तोंड पुसलं, उशीला टेकल्या आणि खिडकीकडं बघत म्हणाल्या, "ती मुडशिंगीची म्हातारी तेवढी ऱ्हायली बघ." एवढंच. ना तक्रार, ना निरोप. हजारो बायकांचे गळे बघितलेली बाई, आणि शेवटी तिच्या मनात शिल्लक एक होती.

आज दुपारी झाडून झालं आणि जिन्यात आवाज आला. हौसाबाईच. आता काठी आली आहे, आवाज तोच. "मेडिकल, तांब्या भंगारात घातला न्हाईस न्हवं? मला दे. देव्हाऱ्यात ठेवतो. हळदकुकू आणलंय."

मी तांब्या खिडकीतून घेतला, माठातल्या पाण्यानं भरला आणि त्यांच्या हातात दिला.

"आधी वरनं प्या, मावशी."

"आज उपास..."

"बुधवारचा?"

त्यांनी खुर्चीच्या पाठीला काठी टेकवली. खिडकीसमोर जाऊन उभ्या राहिल्या, बरोबर त्याच जागी, आणि मान मागं टाकली. घोटाबरोबर काहीतरी मोठं, लिंबाएवढं, वर चढलं आणि सावकाश खाली आलं. मी डॉक्टर नाही. मला कळायचं तेवढं कळलं.

तांब्या खाली ठेवून त्यांनी डोळे पुसले की तोंड, ते मी बघितलं नाही. "गेली बया," त्या म्हणाल्या. "मन्तर म्हणायला कोण न्हाय आता."

"कुडि," मी म्हटलं. "तांब्या रिपोर्ट आल्यावर मिळेल. उद्या सकाळी येते तुम्हाला रक्त द्यायला न्यायला."

१५ मे. आज सकाळी मी दुकान उघडलंच नाही. रिक्षा केली आणि मुडशिंगीला गेले. सुनंदा चूल सोडून बाहेर आली, सासूच्या चपला हातात घेऊन. हौसाबाई दाराच्या पायरीवर बसल्या होत्या. धुवट लुगडं नेसलेलं, डोईवरचा पदर नीट चापून बसवलेला, आणि मानेभोवती काहीच नाही.